चारात न बसणारं गाणं

पर्सी ग्रेंजरची ‘लिंकनशर पोझी’ (1937) हौशी बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांना घाम फोडते. मलाही. तिसरं गाणं, ‘रफर्ड पार्क पोचर्स’, चार मात्रांवरून पाचांवर जातं, परत येतं. पिकोलो-क्लॅरिनेटच्या मागोमाग ई-फ्लॅट आणि बास क्लॅरिनेट तीच चाल धरतात. तालमीत कोणीतरी म्हणतंच, ‘सगळं चारातच बसवू या ना.’

ग्रेंजरने नेमकं हेच नाकारलं. 1906मध्ये त्याने जोसेफ टेलरसारख्या वयस्कर गायकांचे आवाज मेणाच्या नळकांड्यांवर टिपले आणि गायक जिथे रेंगाळला, तिथे स्वरलिपीलाही रेंगाळायला लावलं. अनुवादक म्हणून मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. जात्यावरच्या ओव्या हिंदीत नेताना मी लांब-आखूड ओळी सारख्या केल्या होत्या. कौतुकही झालं, हे आणखी वाईट.

तरी एक अडचण उरतेच. एका माणसाची लहर पन्नास जणांनी मोजून वाजवायची, म्हणजे मोजणी अचूक होते आणि गाणं निसटतं. बहुतेक बँडचं हेच होतं. पाचव्या भागात, ‘लॉर्ड मेलबर्न’मध्ये, काही जागी ठरलेलं मापच नाही, संचालकाच्या हाताकडे बघायचं. आमचा बँड तिथे सगळ्यात बरा वाजतो.