‘बेंच’वरचा मनुष्य

संगणकाच्या धंद्याविषयीं इंग्रजींत ग्रंथांची वाण नाहीं. त्यांतील बहुतेक मात्र यशाच्या कथा सांगणारे, आणि त्याही मालकाच्या खुर्चीवरून. जो पदवीधर सल्लागारी कंपनीचा नोकर राहून दुसऱ्याच कंपनीच्या कामावर दिला जातो, व ज्याचा दिवस तासातासानें त्या गिऱ्हाइकाच्या खातीं मांडला जातो, त्याचें जिणें ज्यांस समजून घ्यावयाचें आहे त्यांस आम्ही दोन पुस्तकें सुचवूं : फ्रेडरिक ब्रुक्स यांचें ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) व शियांग बियाओ यांचें ‘ग्लोबल बॉडी शॉपिंग’ (२००७). आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें याच धंद्यांत असल्यामुळें हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाहीं.

ब्रुक्स यांनीं आय.बी.एम.च्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड प्रणालीचें काम चालविलें होतें, आणि त्यांत हात पोळल्यावर हें पुस्तक लिहिलें. त्यांचा मुद्दा साधा आहे. काम मागें पडलें म्हणून माणसें वाढवावीं, तर तें आणखीच मागें पडतें. कारण नव्यांस शिकविण्यांत जुन्यांचा वेळ जातो, आणि परस्परांशीं बोलण्याचे मार्ग भराभर वाढतात. पांच जणांत ते दहा असतात, दहा जणांत पंचेचाळीस. चार हात लागले तर पोळ्या लवकर होतील; दहीं कांहीं लवकर विरजणार नाहीं. ‘मनुष्य-मास’ हें माप खोटें असल्याचें इतक्या स्वच्छपणें दाखविलें गेल्यावरही धंदा त्याच मापानें विकत राहिला, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. विकावयाचा माल माणसाचा वेळच असेल, तर काम लवकर संपण्याची घाई विक्रेत्यास कोठून असणार? कांहीं करार ठराविक रकमेचे असतात हें खरें. पण तेथेंही आंतला हिशेब माणसांच्या दिवसांचाच. ब्रुक्स यांचें पुस्तक व्यवस्थापकानें व्यवस्थापकांसाठीं लिहिलेलें आहे. मोजल्या जाणाऱ्याचें काय होतें, हा त्यांचा विषयच नव्हे.

तें धंद्याच्या बोलीवरून कळतें. येथें माणसास ‘रिसोर्स’ म्हणतात. त्याचा तास गिऱ्हाइकाकडून वसूल होत असेल तर तो ‘बिलेबल’; नसेल तर ‘बेंच’वर. हा बांक शाळेचा नव्हे. मैदानाच्या कडेचा, राखीव गड्यांचा. मोठ्या कंपन्यांत त्यावर असतां पगार चालू राहतो. पण आपली माहितीपत्रिका घेऊन आपल्याच कंपनीच्या एका खात्याकडून दुसऱ्याकडे मुलाखती देत हिंडावें लागतें. एका मोठ्या भारतीय कंपनीनें २०२५ सालीं नियम केला कीं, वर्षांत २२५ दिवस बिलेबल भरले पाहिजेत व बेंचवर ३५ दिवसांहून अधिक राहतां कामा नये. गिऱ्हाईक आणणें विक्रीखात्याचें काम. तें न आल्याचा दंड मात्र बांकावरच्यास, असा हा न्याय!

शियांग यांनीं हैदराबाद व सिडनी येथें राहून २००० च्या सुमाराचा हा व्यवहार जवळून पाहिला. दलाल तेलुगु तरुणांस परदेशीं नेऊन कामागणिक भाड्यानें देत. काम नसेल तेव्हां पुष्कळदां पगारही नसे. शिक्षणाचा व परदेशगमनाचा खर्च हुंड्यांतून कसा उभा राही, तें विवेचन आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावें. तें अंगाला लागेल. हें चित्र हिंजवडींतील मोठ्या कंपन्यांस जसेंच्या तसें लावणें मात्र अन्यायाचें होईल. ग्रंथाचा दोष निराळा आहे. माणसें त्यांत येतात, बोलतात. पण बहुधा सिद्धान्ताचे साक्षीदार म्हणूनच.

कादंबरीकाराचें काम येथून सुरू होतें. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां पुण्यास तेथील उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसहा होतात, हिवाळ्यांत साडेसात. म्हणजे घरच्या जेवणाची वेळ अमेरिकेच्या घड्याळाबरोबर वर्षांतून दोनदां सरकते. साहेबाची शाबासकी आली कीं त्या पोरांस खरोखरीच अभिमान वाटतो, तोही खोटा नव्हे. आणि बेंचवर आलेला मुलगा घरीं तें सांगत नाहीं. तो नेहमींच्याच बसनें, नेहमींचाच डबा घेऊन जातो, व आई शेजारणीस सांगते कीं हल्लीं त्याला काम फार आहे.