पाणी नेणाऱ्या स्त्रीचे चित्र

लोकजीवनचित्र हा चित्रकलेतील एक नम्र प्रकार मानला जातो. राजेमहाराजे व रणसंग्राम बाजूला सारून तो बाजार, स्वयंपाकघर, शेत आणि पाणवठा यांकडे वळतो. मुंबईत वास्तव्य केलेल्या परदेशी चित्रकारांनी हा प्रकार आवडीने हाताळला. एकोणिसाव्या शतकात हॉरेस व्हॅन रुइथ याने मुंबईत आपली चित्रशाळा थाटली. विसाव्या शतकात हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेले काही कलावंत या शहराच्या आश्रयाला आले. अशा चित्रकारांच्या कलाकृती आज लिलावगृहांतून विक्रीस येतात. सूचिपत्रात चित्रकाराचे नाव, त्याच्या जन्ममृत्यूची साले, कॅनव्हासची लांबीरुंदी, पूर्वीच्या मालकांची परंपरा आणि अंदाजित किंमत दिलेली असते. चित्रातील माणसाच्या वाट्याला मात्र बहुधा केवळ एक जातिवाचक किंवा कामवाचक नाव येते: कोळीण, गवळण, पाणी नेणारी स्त्री.

यांपैकी शेवटचा विषय आपण तपासून पाहू. कारण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वाचकांना तो चित्राबाहेरही परिचित आहे. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेला किंचित बाक आणि पाठीमागे मावळतीचा प्रकाश, ही या विषयाची रूढ मांडणी होय. तिच्यात सौंदर्य नाही असे कोण म्हणेल? परंतु पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो वजनाचे पाणी असते, आणि चित्राला वजन नसते. विहीर आणि घर यांमधील अंतरही चौकटीत मावत नाही. पाहणाऱ्याला डौल दिसतो, मान दुखत असल्याचे दिसत नाही. शिवाय एक विलक्षण योगायोग आहे. मुंबईला पाणी पुरविणारे 1892 चे तानसा धरण, 1957 चा मोडकसागर आणि त्यानंतरचे भातसा धरण ही तिन्ही शहापूर तालुक्यातील. त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईतील ज्या दिवाणखान्यात हे चित्र लागते, तेथील नळाला त्या हंडेवालीच्याच तालुक्यातून पाणी येते. चित्रकाराने हे ठाऊक करून घ्यावे असा आग्रह धरता येणार नाही. रसिकाने मात्र जाणून घ्यावे.

मग परक्या चित्रकाराने आपल्या कष्टकऱ्यांकडे पाहूच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. माग्दा नाखमन हिचे उदाहरण येथे मोलाचे आहे. तिचा जन्म 1889 साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. चित्रकलेचे धडे तिने लेऑन बाक्स्ट यांच्याकडे घेतले. कवयित्री मारिना त्स्वेतायेवा हिचे 1913 मधील व्यक्तिचित्र तिच्याच हातचे. क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी विवाह करून ती प्रथम बर्लिनला आणि 1936 च्या सुमारास मुंबईला आली. येथे तिने व्यक्तिचित्रांबरोबर सामान्य स्त्रीपुरुषांचीही चित्रे रंगविली. फेब्रुवारी 1951 मध्ये तिचे प्रदर्शन उघडण्याच्या काही तास आधी तिला मृत्यू आला. आचार्यांचेही 1954 मध्ये विपन्नावस्थेत निधन झाले.

नाखमन ही मुळात चेहऱ्यांची चित्रकार. कवयित्री असो की मजूर, माणसाकडे जाण्याची तिची वाट चेहऱ्यावरून जाते. ती उंचावरून पाहत नाही. कारण तिच्या स्वतःच्या पायाखाली उंच जमीन कधी नव्हतीच. मातृभूमी सुटलेली आणि घरात नित्य चणचण असलेली स्त्री दुसऱ्या गरिबाकडे पाहते, तेव्हा तिच्या नजरेतून कुतूहल गळून ओळख उरते. परकेपणा हा दोष नसून दूरस्थपणा हा दोष आहे, असा निष्कर्ष मी यावरून काढतो.

विक्रीचा प्रश्न तरीही उरतोच. शेतात प्रार्थनेसाठी थांबलेल्या शेतकरी दांपत्याचे, फ्रेंच चित्रकार मिले याचे ‘आंजेलस’ हे चित्र अनेक कॅथलिक घरांना परिचित आहे. 1860 साली ते सुमारे एक हजार फ्रँकला विकले गेले. 1889 च्या लिलावात त्याला साडेपाच लाखांहून अधिक फ्रँक आले; तोवर मिलेला जाऊन चौदा वर्षे झाली होती. या विषमतेची फ्रान्समध्ये चर्चा झाली आणि 1920 साली फेरविक्रीतील वाटा कलावंताला व त्याच्या वारसांना देणारा कायदा झाला. आपल्याकडेही प्रतिमुद्राधिकार अधिनियमात 1994 च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली. कायद्याने चित्रकाराची आठवण ठेवली हे योग्यच झाले. परंतु जिचा चेहरा त्या कॅनव्हासवर आहे, तिची आठवण कोणताही कायदा ठेवू शकत नाही. ते काम पाहणाऱ्याच्या विवेकाचे आहे.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातही पाणी भरायला आलेली एक स्त्री आहे. शुभवर्तमानकार तिचेही नाव सांगत नाही. मात्र तो तिला बोलू देतो. ती प्रश्न विचारते, शंका काढते, वाद घालते. प्रभू येशू तिच्याकडे पाहत बसत नाही. तो तिच्याजवळ पाणी मागतो, म्हणजे स्वतः याचक होतो. अखेर ती आपली घागर तेथेच टाकून गावात जाते. तिची ओळख घागरीपुरती राहत नाही.

लोकजीवनचित्राची माझी कसोटी हीच आहे. चित्रातील स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा मनाने खाली उतरवून पाहावा. त्यानंतरही तेथे एक माणूस उरत असेल, तिला काही म्हणायचे आहे असे वाटत असेल, तर ते चित्र खरे. हंड्याबरोबर तीही नाहीशी होत असेल, तर चित्रकाराने केवळ एक शोभेची वस्तू रंगविली. दिनदर्शिकेसाठी, शाळेच्या भिंतीसाठी वा धर्मग्रामाच्या सभागृहासाठी असे चित्र निवडताना आपल्या कुटुंबांनी ही कसोटी अवश्य लावून पाहावी. किंमत विचारण्यापूर्वी हा प्रश्न विचारला, तर निवड सहसा चुकणार नाही.