सापडलेला देव : तांदळा, गौरीचे खडे आणि प्रतीकवादी समीक्षेची मर्यादा

मराठी लोकदैवतांविषयीच्या लेखनात 'प्रतीक' हा शब्द इतक्या सहजतेने वापरला जातो की, तो काही सांगतो आहे की काही सांगण्याचे टाळतो आहे, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड हे ग्रामदेवतेचे प्रतीक, वारूळ हे भूमीच्या गर्भाशयाचे प्रतीक, पाणवठ्यावर ओळीने मांडलेले सात दगड हे साती आसरांचे प्रतीक, अशी विधाने संशोधनपर ग्रंथांपासून पदव्युत्तर प्रबंधिकांपर्यंत सर्वत्र आढळतात. या विधानांमध्ये दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, वस्तू आणि तिचा अर्थ या परस्परांपासून वेगळ्या असून वस्तू अर्थाचे केवळ वाहन होते. दुसरी, वाहन बदलले तरी अर्थ कायम राहू शकतो. येथे विचारार्थ घेतलेल्या वस्तू मात्र घडवलेल्या नाहीत, विकत आणलेल्याही नाहीत. त्या कोणाला तरी सापडलेल्या आहेत. हे सापडणे अर्थाबाहेरचा योगायोग मानायचे की अर्थाचाच घटक मानायचे, यावर या साऱ्या भूनिष्ठ उपासनेचे आकलन अवलंबून आहे.

या क्षेत्रातील दोन महत्त्वाच्या वाचनपद्धती प्रथम लक्षात घ्याव्या लागतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून नोंदवली आणि या ठाण्यांचा संबंध तेथे आढळणाऱ्या सूक्ष्म अश्महत्यारांशी व पशुपालकांच्या हंगामी वाटांशी जोडून दाखवला. दगड जेथे आहे तेथेच का आहे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर भौतिक आणि ऐतिहासिक आहे : पूर्वी तेथे माणसांच्या वाटा एकमेकींना मिळत होत्या. रा. चिं. ढेरे यांची वाट वेगळी. १९७८ सालच्या 'लज्जागौरी'मध्ये त्यांनी रेणुका, यल्लमा, वारूळ, शिरोहीन देवीमूर्ती यांचा एक विस्तृत अर्थव्यूह उभा केला आणि भूमी हीच आदिमाता या सूत्रात या विखुरलेल्या वस्तूंना गोवले. पहिल्या वाचनात दगड हा अवशेष ठरतो, दुसऱ्यात तो संकेत ठरतो. दोन्ही वाचनांनी मराठी संस्कृतिसमीक्षेला दिलेले योगदान नि:संशय मोठे आहे. परंतु दोन्हींमध्ये दगड हा काही तरी अन्य शोधण्याचे साधन आहे. अवशेषामागे इतिहास असतो, संकेतामागे अर्थ असतो. दगड आणि तो सापडणारा माणूस यांच्यातील प्रत्यक्ष प्रसंग मात्र दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतो.

हा प्रसंग अत्यंत स्पष्टपणे पाहावयाचा तर खड्यांच्या गौरीकडे वळावे लागते. भाद्रपद शुद्ध पक्षात, अनुराधा नक्षत्रावर, विशेषत: कोकणस्थ घरांतून एखादी कुमारिका किंवा सवाष्ण पाणवठ्यावर जाते, ठरावीक संख्येचे, बहुधा पाच किंवा सात, खडे उचलते आणि ताम्हनात ठेवून ते घरी आणते. अनेक घरांत हे खडे मुक्याने, मागे वळून न पाहता आणण्याची रीत आहे. ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर ते पुन्हा पाण्यात सोडले जातात. परतताना पाणवठ्यावरची थोडी वाळू आणून घरात टाकण्याचीही प्रथा आहे. हा विधी प्रतीकाच्या भाषेत मांडू पाहिले की ती भाषा अपुरी पडते. खडे हे गौरीचे केवळ प्रतीक असते, तर गतवर्षीचेच खडे जपून ठेवणे पुरेसे होते. आणणारीचे मौनही अप्रस्तुत ठरले असते. प्रत्यक्षात विधीचा सारा भर खड्याच्या रूपावर नसून त्याच्या येण्यावर आणि जाण्यावर आहे. खडा पाण्यातून येतो, तीन दिवस माहेरवाशीण म्हणून घरात राहतो आणि परत जातो. पाण्यात पडल्यावर तो इतर खड्यांपासून वेगळा ओळखताही येत नाही. त्याचे देवत्व त्याच्या द्रव्यात साठून राहिलेले नाही. ते या ये-जा करण्यात आहे.

खडे उचलताना निवड होतच असते, गुळगुळीत व नीटस खडेच घेतले जातात, असा आक्षेप येथे संभवतो. निवड होते, हे खरेच. परंतु जागा, दिवस, संख्या आणि मौन या चार बंधनांनी विधी त्या निवडीला इतका संकोचून टाकतो की, निवडणाऱ्या व्यक्तीची अभिरुची तेथे अर्थपूर्ण उरत नाही. या संदर्भात मराठी भाषेचीच साक्ष उद्बोधक आहे. 'मुलीने खडा शोधला' या वाक्यात मुलगी कर्ती आहे. 'मुलीला खडा सापडला' असे म्हणताच कर्तेपण खड्याकडे जाते आणि मुलगी चतुर्थीत सरकते. दैवतव्यवहाराची अवघी शब्दकळा याच वळणाची आहे. भक्ताला दृष्टान्त होतो, त्याला कौल मिळतो, देव नवसाला पावतो. या साऱ्या रचनांत माणूस क्रियेचा उगम नसून ती जेथे येऊन पोहोचते ते ठिकाण आहे. 'सापडणे' हे याच कुळातले क्रियापद आहे आणि म्हणूनच देवाच्या संदर्भात ते केवळ व्यवहारातले राहत नाही.

व्याकरणातील हे वळण कथनाच्या पातळीवर अधिक ठळक होते. महाराष्ट्रातील असंख्य ठाण्यांच्या उत्पत्तिकथा दोनतीन साच्यांत बसतात. गाय एका ठरावीक जागी आपोआप पान्हा सोडते आणि गुराखी ती जागा उकरतो. नांगराचा फाळ कशाला तरी अडतो, दगडातून रक्त येते आणि नांगऱ्या भयभीत होतो. मेंढरे एका जागेवरून हलत नाहीत आणि रात्री धनगराच्या स्वप्नात कोणी येऊन बोलतो. तपशील बदलले तरी कथनाचे टप्पे तेच राहतात : अडणे, दुखावणे, ओळखणे. काही शोधण्याच्या हेतूने तेथे कोणीही आलेले नसते. रोजचे काम चालू असते आणि त्या कामातच विघ्न येते. म्हणजे सापडण्याचा अधिकार साधनेने किंवा विद्वत्तेने मिळत नाही, तो जमिनीवरच्या श्रमाने मिळतो. ज्याचा हात, पाय किंवा अवजार रोज मातीला लागते, त्यालाच देव लागतो.

येथे 'स्वयंभू' या प्रतिष्ठित संज्ञेची फेरतपासणी करणे आवश्यक ठरते. स्थलमाहात्म्यांतून आणि देवस्थानांच्या फलकांतून हा शब्द अशा दगडांना गौरवाने लावला जातो. दगड कोणी घडवलेला नाही, हे तो बरोबर सांगतो. परंतु ते सांगताना तो कोणाला तरी सापडला होता, ही गोष्ट तो पुसून टाकतो. स्वयंभू देवाला साक्षीदाराची गरज नसते. लोककथेतील गुराख्याची जागा संस्कृत माहात्म्यात ऋषी किंवा राजा घेतो, रक्ताळलेल्या फाळाच्या जागी दैत्यवध येतो आणि ठाण्याचा पहिला मानकरी कथेतून नाहीसा होतो. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या अभ्यासात धनगरांची मौखिक आख्याने माहात्म्यांच्या बरोबरीने वाचली, त्यांचे एक मोल हे की, सापडणाऱ्याचे नाव आख्यानात कसे टिकून राहते ते त्यातून दिसते. सापडण्याची कथा ही अनेकदा पूजेतील मानाच्या हक्काची सनदही असते. म्हणून 'स्वयंभू' आणि 'सापडलेला' यांतील भेद केवळ तात्त्विक नाही. मान कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, पहिला नैवेद्य कोणाच्या घरचा, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

शास्त्रीय परंपरेने सापडलेल्या वस्तूला नाकारले, असे मात्र म्हणता येत नाही. पंचायतन पूजेत नर्मदेतील बाणलिंग शिव म्हणून, गंडकीतील शाळिग्राम विष्णू म्हणून आणि शोण नदीतील तांबडा दगड गणपती म्हणून पूजिला जातो. शाळिग्राम म्हणजे भूशास्त्राच्या भाषेत अ‍ॅमोनाइट या लुप्त सागरी जीवाचे जीवाश्म होत. बाणलिंग आणि शाळिग्राम यांना प्राणप्रतिष्ठेची आवश्यकता नाही, असे परंपरा मानते. म्हणजे घडवलेल्या मूर्तीपेक्षा सापडलेल्या दगडाला काही बाबतीत अधिक अधिकार आहे, हे शास्त्रालाही मान्य आहे. फरक असा की, येथे नदीचे नाव आणि दगडावरील लक्षणे सापडण्याची जागा घेतात. चक्रांची संख्या, रंग, मुख यांवरून वर्गीकरण होते, परीक्षा होते, आणि वस्तू प्रसंगातून सुटून कोष्टकात जाते.

याउलट उदाहरण महानुभावांचे. अन्य देवतांची उपासना नाकारणाऱ्या या पंथाने चक्रधरांचा स्पर्श झालेल्या स्थानांची नोंद 'स्थानपोथी'त काटेकोरपणे जपली आणि त्या संबंधाने पवित्र झालेले दगड 'विशेष' म्हणून वंद्य मानले. हे दगड कोणाचेही चित्र नाहीत. कोणाचा तरी स्पर्श त्यांना झालेला आहे, एवढेच त्यांचे मोल आहे. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर चार्ल्स पर्स याने प्रतीक आणि दर्शक असा जो भेद केला, त्यातील दुसऱ्या प्रकारात हे दगड मोडतात. धूर जसा अग्नीशी प्रत्यक्ष जोडलेला असतो, तसा दर्शक आपल्या विषयाशी प्रत्यक्ष संबंधाने जोडलेला असतो, संकेताने नव्हे. तांदळा आणि गौरीचा खडा यांनाही मराठी समीक्षेने प्रथम दर्शक म्हणून वाचावयास हवे होते. ती थेट प्रतीकाकडे गेली आणि स्थळ, स्पर्श, प्रसंग या तीन गोष्टी हातच्या निसटल्या.

हा भेद न पाळल्याने काय होते, ते आधुनिक पाश्चात्त्य उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होते. मार्सेल द्युशाँ याने १९१७ साली तयार मूत्रपात्र कलाकृती म्हणून मांडले, तेव्हा त्या कृतीचे मर्म कलावंताच्या निवडीत होते. आंद्रे ब्रेताँ याने १९३७ सालच्या 'लामूर फू'मध्ये सापडलेल्या वस्तूला अधिक गूढ स्थान दिले, तरी ती वस्तू अखेर सापडणाऱ्याच्या नेणिवेतील इच्छेचे उत्तर ठरते. अमेरिकेतील नव्या भूदेवीपूजक चळवळीचा एक आधारग्रंथ ठरलेले स्टारहॉक यांचे 'द स्पायरल डान्स' हे पुस्तक १९७९ साली आले. या परंपरेतील मार्गदर्शक साहित्यात दगड, शिंपले, पिसे यांची दिशा आणि महाभूते यांच्याशी सांगड घातलेली असते. त्यामागील भूमीविषयीचा आदर खराच आहे. परंतु जेथे कोष्टक वस्तूच्या आधी येते, तेथे दुकानातील स्फटिकही नदीकाठच्या खड्याइतकाच चालतो. वस्तू साधकाच्या संग्रहात राहते. गौरीचा खडा मात्र परत जातो. निवडलेली वस्तू निवडणाऱ्याची होते. सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याला आपला करून घेते.

या भूमिकेतून अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'विषयीचा जुना वादही वेगळा दिसू लागतो. १९७६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आणि २०११ साली मराठीत ग्रंथरूपाने आलेल्या या कवितांवर भालचंद्र नेमाडे यांनी त्यातील दृष्टी बाहेरून आलेल्या पर्यटकाची असल्याचा आक्षेप घेतला. समर्थकांनी तीच दृष्टी चिकित्सक आणि आधुनिक म्हणून वाखाणली. दोन्ही पक्षांनी प्रश्न श्रद्धा की उपहास असा धरला. परंतु देव कोणता आणि दगड कोणता हे या कवितांत ठरवता येत नाही, तेव्हा तेथे सापडण्याआधीचा क्षण कवितेने धरून ठेवलेला असतो. जेजुरीच्या माळावर कोणताही दगड देव असू शकतो, ही स्थिती उपहासाची नाही. लोककथेतल्या गुराख्याचीही पहिली अवस्था हीच असते. भेद पुढच्या पावलात आहे. गुराखी अडतो आणि ओळखतो. कवितेतील पाहणारा अडतो आणि पुढच्या गाडीची वाट पाहतो. नेमाड्यांच्या आक्षेपात तथ्य आहे ते एवढ्यापुरतेच : या पाहणाऱ्याला जेजुरीत काम नाही, आणि कामाशिवाय देव लागत नाही. पण हे न लागणे प्रामाणिकपणे नोंदवणे, हीच त्या कवितांची नैतिकता आहे, हे त्या आक्षेपातून निसटते.

२०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील अनेक वर्षांचे शेंदराचे थर काढण्यात आले आणि आतील कोरीव रूप पुन्हा दिसू लागले. तेथे आत मूर्ती होती, म्हणून ते शक्य झाले. समीक्षेचीही हीच आवडती रीत आहे : थर काढावेत, म्हणजे आत मूळ अर्थ मिळेल. तांदळ्याच्या बाबतीत ही रीत फसते. तेथील थर काढले तर हाती केवळ दगड येतो, कारण अर्थ आत नव्हताच. पहिला शेंदूर ज्याने लावला त्याने आपल्याला येथे काही सापडले असल्याची नोंद केली, आणि पुढच्या प्रत्येक हाताने त्या नोंदीवर आपली साक्ष घातली. शेंदूर हा अर्थावरचा लेप नाही, तो अर्थाचाच दस्तऐवज आहे. म्हणून अशा वस्तूंपुढे समीक्षकाने हे कशाचे प्रतीक आहे, असे विचारण्याआधी हे कोणाला, कोणते काम करताना, कोठे सापडले, असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात बसून देता येते. दुसऱ्यासाठी गुराखी, नांगऱ्या आणि पाणवठ्यावरून मुक्याने परतणारी मुलगी यांना पुन्हा कथेत आणावे लागते.