पंचेचाळीस बरोबर, पंचेचाळीस चूक

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांवर राशिभविष्य असते, आणि त्याच दिवसांत दलाल पेढ्यांकडून नव्या संवतात घ्यावयाच्या शेअरांच्या याद्या येतात. सोबत जागतिक बाजारांचे भाकीतही असते. पहिले आपण हसत वाचतो. दुसरे वाचून निवृत्तीनंतर हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी कुठे ठेवायचा ते ठरवतो. तरीही या दुसऱ्या लेखनाकडे गद्यप्रकार म्हणून पाहण्याची समीक्षेला गरज वाटलेली नाही.

ती गरज एका अर्थी वाटली होती अल्फ्रेड काउल्स या अमेरिकन गृहस्थाला. हा प्राध्यापक नव्हता. घरचा श्रीमंत, क्षयामुळे कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवेत राहणारा. गुंतवणूक सल्ल्याची अनेक पत्रके त्याच्याकडे येत, आणि १९२९ ची पडझड त्यांना आधी दिसली नाही हे त्याच्या मनाला लागले. १९३३ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नव्याने निघालेल्या नियतकालिकात त्याचा निबंध आला : ‘कॅन स्टॉक मार्केट फोरकास्टर्स फोरकास्ट?’ बाजाराचे भाकीत करणाऱ्यांना भाकीत करता येते का?

निबंधाची रीत साधी आहे, आणि म्हणूनच निर्दय. सोळा सल्लागार संस्थांनी साडेचार वर्षांत केलेल्या सुमारे ७,५०० शिफारशी त्याने जमा केल्या. त्या सगळ्या मानणाऱ्याला सरासरी शेअरपेक्षा वर्षाला १.४३ टक्क्यांनी कमी मिळाले असते. मग चोवीस प्रकाशनांची बाजारभाकिते घेतली, आणि त्यांच्याशी स्पर्धेला पत्त्यांचा कॅट बसवला! पत्ते पिसून, यदृच्छेने काढून काल्पनिक भाकीतकारांच्या कारकिर्दी तयार केल्या. सर्वांत यशस्वी खरा भाकीतकार या पत्त्यांच्या भाकीतकाराहून फारसा सरस ठरला नाही. सर्वांत अयशस्वी मात्र पत्त्यांपेक्षाही वाईट निघाले. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. निव्वळ अज्ञानाने माणूस पत्त्यांच्या बरोबरीला येतो. त्याच्याही खाली जायला काही मत असावे लागते.

पण वाङ्मयाच्या वाचकाने थांबावे ते विल्यम पीटर हॅमिल्टनपाशी. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा हा संपादक चार्ल्स डाऊचा शिष्य. १९०४ ते १९२९ त्याने बाजारावर अग्रलेख लिहिले. त्यांत नव्वद वेळा आपला कल बदलल्याचे जाहीर केले. काउल्सच्या हिशेबाने त्यांतली पंचेचाळीस भाकिते बरोबर आली, पंचेचाळीस चुकली. त्याच्या सल्ल्याने वर्षाला १२ टक्के मिळाले असते. काहीच न करता शेअर धरून बसणाऱ्याला साडेपंधरा.

हा हिशेब मांडण्याआधी प्रत्येक अग्रलेख वाचून हा तेजीचा, हा मंदीचा, हा संदिग्ध असे ठरवावे लागले. म्हणजे आकड्यांच्या तळाशी वाचनच आहे, आणि संपादकाच्या सूचक वाक्याचा अर्थ लावताना दोन वाचकांचे एकमत होत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको. शिवाय काउल्सने जोखीम मोजली नाही. १९९८ साली ब्राऊन, गोएट्झमन आणि कुमार यांनी हॅमिल्टनचे लेख पुन्हा तपासले, तेव्हा चित्र पालटले. हा माणूस बराच काळ बाजाराबाहेर राहायला सांगत होता, त्यामुळे पत्करलेल्या जोखमीच्या मानाने त्याची कामगिरी चांगलीच होती. साठ-पासष्ट वर्षे ज्याचे नाव नापासांच्या यादीत राहिले, त्याचा निकाल निकष बदलताच बदलला. काउल्सच्या निबंधाचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण तो वेदवाक्यासारखा उद्धृत करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

१९४४ साली काउल्सने ६,९०४ भाकिते घेऊन पुन्हा मोजणी केली. कौशल्याचा पुरावा याही खेपेला मिळाला नाही. तेजीची भाकिते मात्र मंदीच्या सुमारे चौपट होती. वर्गणीदाराला चांगली बातमी आवडते, एवढाच याचा अर्थ.

आजचे अहवाल वाचताना एक फरक जाणवतो. हॅमिल्टनचे लेख मोजता आले, कारण त्यांत निदान कल असे. आता वाक्यातला कर्ताच नाहीसा झाला आहे. ‘घसरणीची शक्यता नाकारता येत नाही.’ कोणाला येत नाही? ‘मध्यम ते दीर्घ मुदतीत वाढ अपेक्षित आहे.’ कोणाला, आणि मुदत संपते कोणत्या तारखेला? ‘जागतिक घडामोडींवर लक्ष ठेवावे लागेल’ हे वाक्य तर १९२९, १९८७, २००८ यांपैकी कोणत्याही वर्षी छापले असते तरी चुकीचे ठरले नसते. पंचांगातले वर्षफलसुद्धा पाऊस किती आढक पडेल ते सांगते. तेवढे धाडस या अहवालांत नाही. पैसे ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी ‘सावध आशावाद’ एवढाच शब्द उरतो, आणि नुकसान झाले की त्यातला ‘सावध’ त्याला दाखवला जातो.

ऑक्टोबर १९२९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी शेअरांचे भाव कायमच्या उंच पठारावर पोहोचल्यासारखे दिसतात असे जाहीरपणे म्हटले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला हॅमिल्टनचा ‘अ टर्न इन द टाइड’ हा अग्रलेख आला : भरती संपली, ओहोटी लागली. दीड महिन्यात हॅमिल्टन वारला. भाव तळाला गेले ते १९३२ च्या जुलैत. एक साफ चुकला, दुसरा बरोबर आला. पण दोघांचीही विधाने आज तारखेसकट समोर ठेवता येतात.