‘शिकली’ आणि ‘केला’ : ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिरातींची भाषा

मराठीत ‘शिकणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. तरीही भूतकाळात ते कर्त्याची साथ सोडत नाही. ‘तिने गणित सोडवले’ या वाक्यात क्रियापद गणिताच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, पण ‘ती गणित शिकली’ या वाक्यात ते तिच्यामागे जाते. बोलणे, विसरणे, समजणे ही क्रियापदेही याच लहानशा गटातली. आता ‘शिकणे’च्या जागी आजचा रूढ शब्दप्रयोग ठेवून पाहावा : ‘तिने कोर्स केला’, ‘तिने कोर्स पूर्ण केला’. कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कोर्सकडे वळते. व्याकरणातून थेट तत्त्वज्ञान काढणे धोक्याचे असते. ‘त्याने पोळी खाल्ली’ असे म्हटल्याने खाण्याचे कर्तृत्व पोळीकडे जात नाही. मात्र उपलब्ध दोन रचनांपैकी एखादी संहिता सातत्याने कोणती निवडते आणि कोणती टाळते, हा शैलीचा प्रश्न आहे, आणि शैलीचा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिराती भावी विद्यार्थ्याशी ज्या भाषेत बोलतात, तिच्याकडे या दृष्टीने पाहता येते.

या जाहिरातींत ‘शिका’ हे आज्ञार्थी रूप आढळत नाही असे नाही. पण ते बहुधा दाराशीच थांबते. वाक्याचा भार असतो तो ‘बना’ आणि ‘मिळवा’ या क्रियापदांवर. ‘डेटा ॲनालिस्ट बना’, ‘प्रमाणपत्र मिळवा’ हे त्यांतले साचे. ‘व्हा’ असे सहज म्हणता आले असते तेथे ‘बना’ येते, यामागे हिंदी मसुद्याचा घाईने केलेला अनुवाद असावा. अनुवादाची ही खूण निरर्थक नाही. संबोधित वाचक मराठी आहे, पण त्याच्यासाठी वाक्य मराठीत घडलेले नाही, हे ती सांगून जाते.

त्याहून अर्थपूर्ण आहे तो ‘त’ हा प्रत्यय. ‘तीस दिवस इंग्रजी शिका’ आणि ‘तीस दिवसांत इंग्रजी शिका’ या दोन वाक्यांत एका अक्षराचे अंतर आहे. पहिल्यात कालावधी आहे. तीस दिवसांनंतर काय होईल याबद्दल ते वाक्य मौन पाळते. दुसऱ्यात ‘शिकणे’ या मूलतः अखंड चालणाऱ्या क्रियेला एक शेवट बहाल केला जातो, जणू भाषा ही कापून झालेली फाईल आहे. ही युक्ती नवी नाही. एस.टी. स्थानकांवरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे ‘तीस दिवसांत’ भाषा शिकवणाऱ्या पुस्तिका संगणकापूर्वीही लटकत होत्या. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या हाती असणारे ‘२१ अपेक्षित’ मात्र त्या मानाने प्रामाणिक म्हणावे लागेल. आपला व्यवहार केवळ अपेक्षेचा आहे, हे ते नावातच मान्य करते.

या भाषेतील सर्वांत विलक्षण शब्द ‘जागा’ हा होय. ‘मोजक्याच जागा शिल्लक’ हे वाक्य बाकांच्या जगातून आले आहे. वर्गखोलीला चार भिंती असतात, म्हणून तेथील जागांना संख्या असते. थेट चालणाऱ्या वर्गाला, तेथे शिक्षकाने शंकांना उत्तरे द्यायची असल्याने, अशी मर्यादा असू शकते. परंतु आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या व्याख्यानाला ती कशी असणार? तेथे चिन्ह उरले आहे आणि त्याचा निर्देश्य लोपला आहे. ‘बॅच’, ‘प्रवेश बंद होत आहे’ हे शब्दही त्याच जुन्या इमारतीतून उचललेले. अंतराचे बंधन नाही हे माध्यमाचे खरे वैशिष्ट्य. त्याची जाहिरात करताना बंधनाचीच भाषा वापरावी लागते, कारण निकडीशिवाय विक्री होत नाही. कायद्यालाही या अलंकाराची दखल घ्यावी लागली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत नोंदवलेल्या १३ प्रकारांत खोट्या निकडीचा समावेश आहे. शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०२४ साली आलेल्या तत्त्वांनी मर्यादित जागांचा आभास निर्माण करण्यास मज्जाव केला.

या जाहिरातींचे कथनरूप शोधायचे तर पाश्चात्त्य विक्रीशास्त्राकडे जाण्याची गरज नाही. ते व्रतकथेच्या फलश्रुतीत सापडते. आधी दैन्य, मग कोणीतरी सांगितलेला वसा, मग वैभव. ‘पूर्वी पगार इतका होता, आता तितका आहे’ असे सांगणारा हसरा चेहरा ही कहाणीतल्या सुनेची सुधारित आवृत्ती आहे. पण फरक मूलगामी आहे. कहाणीत फळ शेवटी येते, आणि वसा कसा घ्यावा, कसा पाळावा, उतल्या-मातल्याचे काय होते, हा कथेचा गाभा असतो. जाहिरातीत फळ मथळ्यावर चढते आणि नियम एका तारकेच्या आधाराने तळाशी जाऊन ‘अटी लागू’ एवढा उरतो. २०२४च्या तत्त्वांनी अस्वीकृतीचा मजकूर ठळक ठेवण्याची अपेक्षा केली, तसेच यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हेही उघड करण्याची. म्हणजे एका अर्थी नियमाला पुन्हा कथेत जागा देण्याची.

या कथनाची परिसीमा २०२० साली मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका भारतीय कंपनीच्या जाहिरातींत दिसली. त्यांतला ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा बालक कोट्यवधींच्या पगाराची नोकरी मिळवत असे, आणि त्याचे वय जाहिरातीगणिक बदलत असे. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. लोककथेतल्या राजपुत्राचे वय कोणी विचारत नाही. येथे ते विचारले गेले, कारण पैसे खऱ्या पालकांनी भरायचे होते.

या पार्श्वभूमीवर १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ऐकावे : ‘ज्ञानगंगा घरोघरी’. तेही एक आवाहनच आहे, आणि गंगेच्या रूपकातली पावित्र्याची सवंगता त्यात नाही असे म्हणता येणार नाही. पण या दोन शब्दांत क्रियापद नाही, आज्ञा नाही, मुदत नाही. नदीला जागा मोजून द्याव्या लागत नाहीत. कोणी किती ओंजळी घ्याव्यात, हे ते सांगत नाही.

ओंजळीचा प्रश्न गौण नाही. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१७–१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अवघ्या सुमारे ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. उरलेल्या सत्त्याण्णवांत केवळ डोकावून गेलेले बरेच असतील. पण चार पाठ मनापासून ऐकून, हवे होते तेवढे घेऊन निघून गेलेलेही असतील. त्यांच्याविषयी ‘त्यांनी कोर्स अर्धवट सोडला’ असे एकच वाक्य ‘कोर्स करण्या’च्या भाषेत शक्य आहे. उलट, सर्व चित्रफिती दुप्पट वेगाने पुढे सारून प्रमाणपत्र मिळवणाऱ्याविषयी ‘त्याने कोर्स पूर्ण केला’ हे वाक्य निर्दोष ठरते. ‘शिकलेला’ या शब्दाने पदवीशी सोयरीक जाहिरातींच्या कितीतरी आधी जुळवली होती, हे मान्य करावे लागते. ‘मुलगी किती शिकली आहे?’ या लग्नाच्या बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर इयत्तेत किंवा पदवीतच द्यायचे असते. तरीही त्या प्रश्नात क्रियापद मुलीबरोबर होते. ‘ती चार पाठ ऐकून शिकली’ हे मराठीत साधे वाक्य आहे. अभिप्रायांच्या त्या हसऱ्या रांगेत ते आढळत नाही.