शररांचा दस्तरखान आणि आपली गच्ची

अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) हे नाव मराठी वाचकाला माहीत असलेच तर ‘फिरदौस-ए-बरीं’ या कादंबरीमुळे. पण उर्दू माध्यमात शिकलेल्या आणि आता तिथेच शिकवणाऱ्या आम्हा मंडळींच्या मनात घर करून राहते ते ‘गुजिश्ता लखनौ’. ‘दिलगुदाज’ या आपल्याच मासिकात शररांनी १९१३ पासून लखनौच्या तहजीबीवर जे लेख लिहिले, त्यांचे हे पुस्तक. त्यातला खाण्यापिण्याचा भाग सर्वांत लोकप्रिय. दावतीत त्यातला एखादा किस्सा कुणी ना कुणी सांगतोच, बहुतेकदा पुस्तक न वाचता. मीही अनेक वर्षे तसेच सांगत आले. अलीकडे तो भाग सलग वाचला आणि मन जरा खट्टू झाले.

किस्से बहारदार आहेत यात शंका नाही. नवाब आसफउद्दौला यांच्याकडे एक बावर्ची येतो. काय येते? फक्त उडदाची डाळ. पगार? पाचशे रुपये. शिवाय अटी : डाळ हवी असेल तर आदल्या दिवशी हुकूम व्हावा आणि तयार झाली असे कळताच हुजुरांनी जेवायला बसावे. काही महिन्यांनी नवाबांना डाळीची आठवण झाली. डाळ तयार झाली, पण हुजूर गप्पांत रमलेले. तीनदा वर्दी देऊनही ते उठले नाहीत, तेव्हा बावर्चीने ती डाळ एका वाळलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि तो निघून गेला. पुढे त्या झाडाला पालवी फुटली, म्हणे. कुठे बदाम तांदळाच्या दाण्यासारखे आणि पिस्ते मुगाच्या डाळीसारखे कातरून केलेली खिचडी आहे. कुठे मुरब्बा म्हणून वाढलेला पदार्थ खाल्ल्यावर कोरमा निघतो, आणि फसलेला पाहुणा परतीच्या दावतीत सालन, रोटी, लोणचे, अगदी ताटवाट्यासुद्धा साखरेच्या मांडतो. गाजीउद्दीन हैदर यांच्या सहा पराठ्यांना रोज तीस शेर तूप लागे. त्यात कपात करणाऱ्या वजिराने बादशहाच्या थपडा खाल्ल्या.

हे सारे पदार्थ गेले. शरर त्यांच्यासाठी हळहळतात आणि आपणही त्यांच्याबरोबर हळहळतो. पण एक गोष्ट तपासून पाहावी. या पदार्थांची चव कशी होती, हे लेखक सांगतो का? फारच थोडे. सांगतो ते त्यांचे रूप. अनारदाना पुलावाचा दाणा अर्धा लाल, अर्धा पांढरा. मोती पुलावातले मोती चांदी-सोन्याचा वर्ख अंड्याच्या बलकात घोटून बनवलेले. म्हणजे पदार्थ डोळ्यांसाठी, आणि त्याहून अधिक पाहुण्याला चकित करण्यासाठी. अशा पदार्थाची भूक कुणालाच नसते. त्याला दरबार लागतो, आणि दरबार १८५६ साली गेला. वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटिया बुर्जला गेले आणि १८८७ पर्यंत तिथे लखनौची छोटी प्रतिकृती जगली. शररांचे बालपण त्याच मटिया बुर्जात गेले. त्यांच्या हळहळीचे मूळ तिथे आहे, आणि ती खरी आहे. पण त्या खिचडीला लोक कंटाळले, असे म्हणता येणार नाही. लोकांनी ती कधी खाल्लीच नव्हती. जे बाजारात उतरले ते टिकले : शीरमाल, निहारी, कबाब. शीरमालचे श्रेय तर शरर स्वतःच एका दुकानदाराला देतात.

लोकांची आवड खरोखर बदलली ती एका ठिकाणी. शररांच्या मते नफासतपसंद लखनौकरांना पुलाव प्रिय. बिर्याणी म्हणजे मसाल्यांचा गिचका, चांगल्या पुलावापुढे ओबडधोबड. आज देशभर ‘लखनवी बिर्याणी’च्या पाट्या दिसतात. पुलावाची जागा शाकाहारी पंगतीत, मटारांच्या सोबतीला. शरर असते तर त्यांनी यावर एक अख्खे प्रकरण लिहिले असते.

या पुस्तकाशेजारी मी मुद्दाम दुसरे पुस्तक ठेवले : शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५). मराठवाड्यातील महार-मांग घरांतील अन्नाची ही नोंद. तूप नाही, दूध नाही, तेल अगदी थोडे. येसूर आहे, रक्ती आहे, वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. शरर बावर्चीचा पगार सांगतात. पाटोळे काय टाकायचे आणि कसे शिजवायचे ते सांगतात, आणि ते खाणाऱ्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहत होते तेही. गद्य रांगडे आहे, काही ठिकाणी पाल्हाळही आहे. पण वाचताना तोंडाला चव येते, जी ‘गुजिश्ता लखनौ’त मला आली नाही. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा कुठे आपल्यातल्या काहींनी मूळ मराठी पुस्तक शोधले. हा आपला जुना आजार.

चान्यांची पाने वाचताना मी थबकले. लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ चोळायचे आणि दोरीवर उन्हात टांगायचे. हे तर आमच्या गच्चीवर बकरी ईदनंतर होत असे! कावळे हाकण्याचे काम माझ्याकडे. घरात मोठा फ्रिज आला आणि तीन-चार वर्षांत दोरी गेली. कुणी ठरवले नव्हते, कुणाला वाईटही वाटले नाही. पाटोळ्यांचे पुस्तक ज्या वर्षी आले, त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदाही लागू झाला. फ्रिजमुळे सुटलेले अन्न आणि कायद्याने बंद झालेले अन्न या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. लिहिणाऱ्याने हा फरक सांभाळला नाही, तर सगळेच ‘जुने दिवस’ या एका पिशवीत जाते.

आता आपल्या लेखनाकडे. ईदच्या आणि दिवाळीच्या अंकांतील आपल्या कथा काढून पाहा. मुस्लिम घरातला स्वयंपाक आला की बिर्याणी, शिरखुर्मा, फार तर खिमा. शेजारचे मराठी पात्र येते, बोटे चाटते, सलोखा होतो, कथा संपते. हिंदू लेखकाने असे लिहिले की आपण साचेबंद चित्रणाची तक्रार करतो. स्वतः लिहिताना तोच साचा घेतो. मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या घरांत वर्षातले तीनशेहून अधिक दिवस जी ज्वारीची भाकरी, खट्टी डाळ, अंबाड्याची भाजी, हुलग्याचे माडगे होते, ते कथेत कुठे आहे? मोहरमचे चोंगे कुठे आहेत? आपण ते खाणे कमी केले, पण लिहिणे त्याच्याही आधी थांबवले. माझा अंदाज असा, की त्यात गरिबीची लाज होती आणि ‘आपण नवाबांचे वारस’ ही शररांनी नकळत दिलेली गुर्मीही. आमचे पूर्वज पिंजारी, बागवान, आतार. मोती पुलावाशी त्यांचा संबंध काय?

सगळेच गेलेले अन्न रडण्यासारखे असते असेही नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरीचे नाव काढले तर नानी आजही तोंड फिरवते. ती भाकरी गेली, बरे झाले. पण ती कथेत यायला हवी होती.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गाला मी ‘आमचा दस्तरखान’ या विषयावर उर्दूत लिहायला सांगितले. एकेचाळीस वह्यांपैकी छत्तीसमध्ये बिर्याणी होती. ज्यांच्या घरी महिन्यातून एकदा मटण येते त्यांच्याही. एका मुलीने मात्र रात्रीची शिळी भाकरी कुस्करून, वरून लसणाची फोडणी देऊन अम्मी सकाळी कशी देते ते लिहिले होते. तिच्या वहीत तीन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले, तर मुलगी घाबरून म्हणाली, “मॅडम, वर्गात वाचून दाखवू नका.”

त्या सुट्टीत नानीकडे गेले तेव्हा वही घेऊन बसले आणि वाळवलेल्या गोश्ताची रीत विचारली. “उसमें लिखने का क्या है बेटा,” म्हणत तिने सांगितली. आदल्या रात्री लिंबू लावायचे, पट्टी बोटाएवढी रुंद, पहिले तीन दिवस कडक ऊन, संध्याकाळी दोरी आत. मिठाचे प्रमाण तिला सांगता आले नाही. हाताने दाखवले. मी अंदाजे दोन चमचे लिहिले आहे.