एस.टी.तले चेहरे

माझ्या एका विद्यार्थ्याने महाड-पोलादपूर गाडीत काढलेल्या रेखाचित्रांची वही परवा मला दाखवली. हात मोठा चपळ! कुणाची मिशी, कुणाचे मुंडासे, कुणाचे बोळके तोंड. पाहणाऱ्याला हसू यावे. मला मात्र हसवेना.

मी त्याच्यापुढे दोमिएचे ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’ हे चित्र ठेवले. ओनोरे दोमिए हा फ्रेंच व्यंगचित्रकार. राजाचे व्यंगचित्र काढल्यापायी १८३२ साली तुरुंगात गेलेला. माणसातले व्यंग त्याच्याइतके कोणाला दिसणार? पण १८६० नंतरच्या या चित्रात तो कोणालाच हसत नाही. टोपलीवर हात ठेवून बसलेली म्हातारी, बाळाला पाजणारी आई, पेंगुळलेला पोरगा. म्हातारीच्या मनात काय आहे, हे तो सांगत नाही. ते तिचे तिच्यापाशीच राहू देतो. या चित्राचे मोठेपण मला यातच वाटते. परक्याचा चेहरा न विचारता उचलणारा चित्रकार त्याचे एवढे तरी देणे लागतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. तेव्हापासून शेजारच्या बाकावरचे कोणीही मला नुसता ‘नमुना’ वाटत नाही.

मुलगा काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात वहीत नवे चित्र होते : खिडकीशी टेकलेली आजी, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. रेषा जागोजागी अडखळली आहे. पण साऱ्या वहीत मला तेच चित्र आवडले.